पाणी अडविणारा धनिक आणि गाणारा घोडेस्वार

एक कोरडे खोरे आहे. त्यात लहानसहान शेतकऱ्यांची व गुरे पाळणाऱ्यांची काही कुटुंबे वस्ती करून राहिली आहेत. खोऱ्यास पाणी पुरविणारा प्रवाह किंकेड नावाच्या एका धनिकाच्या ताब्यात गेला आहे. त्याने पाणी अडविले की खालच्या कुरणांतील गुरे व्याकुळ होतात, उभी पिके करपतात आणि घरधन्याच्या डोळ्यास डोळा लागत नाही. मग हाच किंकेड कनवाळूपणाचा आव आणून पुढे येतो व कवडीमोल भावाने त्यांची जमीन विकत मागतो. त्याचा खरा डोळा जमिनीवर. पाणी हे त्याच्या हातातील हत्यार.

ही हकीकत ऐकून आमच्या वाचकांपैकी कोणास आपल्या आजोबांनी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण झाली, तर त्यात नवल नाही. तथापि ही कथा आपल्याकडील नव्हे. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी', म्हणजे 'नियतीचे स्वार', या नावाच्या एका अमेरिकन बोलपटाची ही कथा होय. १९३३ च्या ऑक्टोबर महिन्यात तो प्रदर्शित झाला. त्याची लांबी अवघी ५३ मिनिटे. त्यात ना भव्य देखावे, ना हजारोंचा जमाव, ना डोळे दिपविणारी वस्त्रे. घोडे, धूळ, एक विहीर आणि थोडीशी माणसे एवढ्यावरच त्याचा सारा संसार उभा आहे. असे असूनही आम्ही आज त्याविषयी लिहावयास बसलो आहो, याचे कारण इतकेच की, शेतीवर जगणाऱ्या माणसाची जी सर्वांत जुनी चिंता, तिला या स्वस्त चित्रपटाने हात घातला. 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न त्याने विचारला, आणि तो ज्या मातीत विचारला त्या मातीत तो त्या वेळी खरोखरच पेटलेला होता.

दरिद्री आळीतील कारखाना

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेल्स शहराचा हॉलिवूड हा भाग चित्रपटांचे माहेरघर म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. तेथे मोठमोठ्या कंपन्यांच्या आलिशान चित्रनगऱ्या होत्या. आणि त्यांच्याच शेजारी थोड्या भांडवलावर धंदा करणाऱ्या लहान कंपन्यांची वस्तीही होती. या वस्तीस लोक थट्टेने 'दरिद्री आळी' म्हणत. मोनोग्राम ही तेथील एक कंपनी. तिच्यासाठी पॉल माल्व्हर्न नावाच्या निर्मात्याने 'लोन स्टार' या नावाने घोडेस्वारांच्या चित्रपटांची एक मालिका काढली. १९३३ ते १९३५ या काळात तिच्यात सोळा चित्रपट निघाले. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' हा त्यांतील पहिला.

असल्या एका चित्रपटास साधारणपणे दहा ते पंधरा हजार डॉलर खर्च येई आणि चित्रीकरण आठवड्याच्या आत उरकून टाकीत. दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यानेच कथा लिहिली आणि त्यानेच ती पडद्यावर आणली. उन्हाचा उजेड फुकट मिळतो म्हणून शक्य तितके काम उघड्यावर करावयाचे, घोडे आणि बग्ग्या पुन्हा पुन्हा त्याच वापरावयाच्या, नट एका चित्रपटात शेतकरी तर दुसऱ्यात दरोडेखोर, असा हा काटकसरीचा मामला होता. एखाद्या गरीब घरची गृहिणी जुन्या लुगड्याची दुपटी व दुपट्यांची पुसणी करते, तशातला प्रकार.

हे चित्रपट काढीत कोणासाठी? मोठ्या शहरांतील झगमगत्या चित्रपटगृहांसाठी नव्हे. लहान गावांतील, तालुक्याच्या पेठांतील साध्या चित्रपटगृहांत ते लागत. शनिवारी दुपारी मुले गर्दी करीत, आणि आठवड्याच्या बाजारास आलेला शेतकरीही बायकापोरांसह येऊन बसे. तेव्हा कथा लिहिणाऱ्यास आपला प्रेक्षक कोण आहे, त्याला काय टोचते आहे, हे चांगले ठाऊक होते. पाणी, गुरे, जमिनीचे कागद, कर्ज आणि बेदखलीची धमकी हे विषय या स्वस्त चित्रपटांत वारंवार येतात, त्याचे कारण हेच होय. श्रीमंतांचे चित्रपट राजवाड्यांत रमत असता गरिबांचे चित्रपट विहिरीच्या काठावर उभे होते.

घोडेस्वारास कंठ फुटतो

ही गोष्ट बोलपटांच्या बाल्यावस्थेतील आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९२७ साली 'द जॅझ सिंगर' निघाला आणि मूकपटांचे युग संपत चालले. आरंभी आवाज टिपण्याची यंत्रे इतकी अवजड व नाजूक होती की, कॅमेरा एका बंद खोक्यात कोंडून ठेवावा लागे आणि नटास लपविलेल्या ध्वनिग्राहकाजवळ उभे राहून बोलावे लागे. वारा सुटला की आवाज बिघडे. अशा स्थितीत उघड्या माळावर दौडणाऱ्या घोडेस्वारांचे चित्रपट आता बंद पडणार, असे पुष्कळांस वाटले. १९२८ च्या अखेरीस 'इन ओल्ड ॲरिझोना' या बोलपटाने ती भीती खोटी पाडली. घोड्यांच्या टापा, गोळीचा आवाज, चुलीवर तळणाचा चरचराट हे सारे मोकळ्या हवेतही टिपता येते, हे लोकांस कळून चुकले.

त्या बोलपटाचा दिग्दर्शक राऊल वॉल्श याच्यावर मात त्याच कामी मोठे संकट ओढवले. रात्री मोटारीने जात असता एक रानससा समोरच्या काचेवर येऊन आदळला आणि त्या अपघातात वॉल्शचा एक डोळा गेला. याच वॉल्शने पुढे १९३० साली 'द बिग ट्रेल' नावाचा, दहा लाखांहून अधिक डॉलर खर्चाचा भव्य चित्रपट काढला आणि त्यात नायक म्हणून एका अनोळखी तरुणाची निवड केली. तो तरुण म्हणजे जॉन वेन. चित्रपट विशेष रुंद फितीवर घेतला होता. परंतु मंदीचे दिवस असल्यामुळे नवी यंत्रे विकत घेण्यास चित्रपटगृहांचे मालक तयार नव्हते. चित्रपट कोसळला, आणि त्याबरोबर त्या तरुणाचे नशीबही. तेथून पुढे जवळजवळ नऊ वर्षे तो दरिद्री आळीच्या आश्रयानेच पोट भरीत होता.

'रायडर्स ऑफ डेस्टिनी'मध्ये हाच वेन सँडी सॉन्डर्स नावाचा गाणारा घोडेस्वार झाला आहे. सरकारने गुप्तपणे पाठविलेला हा अधिकारी भटक्या गुराख्याच्या वेषात खोऱ्यात येतो. घोड्यावर बसून, गिटार छेडीत तो गातो. परंतु तो गळा वेनचा नव्हे. दुसऱ्याच कोणाचा घनगंभीर आवाज त्याच्या ओठांवर बसविलेला आहे. पडद्यावरचे गाणे ऐकून लोक भेटतील तेथे वेनला गावयाचा आग्रह करीत, आणि त्या बिचाऱ्याची फजिती होई. हे सोंग त्याला कधी रुचले नाही आणि त्याने ते लवकरच टाकून दिले. गाणाऱ्या गुराख्याचा खरा मान १९३५ नंतर जीन ऑट्री या नटास मिळाला. तो मात्र स्वतःच्या गळ्याने गात असे.

गाणी सोडली तर या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आजच्या प्रेक्षकास, ज्याला प्रत्येक अश्रूमागे व्हायोलिन ऐकण्याची सवय झाली आहे, ही शांतता प्रथम चमत्कारिक वाटते. पण थोडा वेळ बसले म्हणजे घोड्याच्या टापा, चामड्याची करकर आणि वाऱ्याचा घोंघावा एवढेच ऐकू येते, आणि ते माळरान खरे वाटू लागते. ज्यांचे बालपण खेड्यात गेले आहे त्यांस दुपारच्या वेळच्या त्या शांततेची ओळख निराळी करून द्यावयास नको.

मनगटावरचा नेम

किंकेडच्या पदरी मॉर्गन नावाचा एक नामांकित नेमबाज आहे. रस्त्यात त्याची व सँडीची गाठ पडते. सँडी मृत्यूचे गाणे गुणगुणत एकेक पाऊल पुढे टाकतो आणि भर रस्त्यात दोघे समोरासमोर उभे राहतात. गोळ्या सुटतात, पण सँडी त्याचा जीव घेत नाही. तो त्याच्या दोन्ही मनगटांवर नेम धरतो, जेणेकरून त्या हातांनी पुन्हा पिस्तूल उचलता येऊ नये.

हा प्रसंग पोरकट आहे असे कोणी म्हणेल, आणि तसे म्हणण्यास जागाही आहे. परंतु ज्या काळी गुंडांच्या शौर्याचे पोवाडे गाणारे चित्रपट शहरांत धो धो चालत होते, त्या काळी एका स्वस्त चित्रपटाचा नायक शत्रूचा प्राण राखतो, ही गोष्ट लहान नव्हे. चित्रपटांत काय दाखवावे व काय दाखवू नये याविषयीची नियमावली १९३० साली तयार झाली होती. ती रचणाऱ्यांत डॅनिएल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू होते. परंतु तिची कडक अंमलबजावणी १९३४ च्या मध्यापर्यंत सुरू झाली नाही. म्हणजे या चित्रपटास कोणी काठी उगारून शिस्त लावली नव्हती. आपल्या समोर बसणाऱ्या मुलांचे भान त्याने आपण होऊनच राखले होते.

मारामाऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याकिमा कॅनट हा मूळचा घोडेस्वारीच्या शर्यतींतील विजेता. मूकपटांत तो नायकाची कामे करीत असे. पण इन्फ्लुएंझाच्या आजाराने त्याचा कंठ कायमचा घोगरा झाला होता. बोलपट आले आणि त्याची नायकी संपली. तेव्हा त्याने धाडसी कसरती करण्याचा पेशा पत्करला. या मालिकेत तो कधी खलनायकाचा हस्तक होई, तर कधी वेनच्या जागी घोड्यावरून उडी घेई. ब्रॅडबरी, वेन व कॅनट यांनी मिळून ठोसाठोशीची नवी पद्धत बसविली. कॅमेरा अशा कोनात ठेवावयाचा की ठोसा हनुवटीजवळून नुसता निघून गेला, तरी पाहणाऱ्यास तो बसल्यासारखा वाटावा. पुढे सगळ्या हॉलिवूडने ती उचलली. १९५९ च्या 'बेन-हर' या चित्रपटातील रथांची शर्यत जगाने श्वास रोखून पाहिली. ती बसविण्यात याच कॅनटचा मोठा वाटा होता.

पाणी कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका माणसाने साऱ्या खोऱ्याचे पाणी आपल्या मुठीत ठेवावे, हे कायद्याने शक्य तरी कसे होते?

अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत पाऊस पुरेसा पडतो. तेथे नदीकाठी ज्याची जमीन, त्याचा पाण्यावर वाजवी हक्क, असा इंग्लंडहून आलेला जुना रिवाज चाले. पश्चिमेकडे मात्र कोसच्या कोस रुक्ष माळरान. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि खाणीवाल्यांनी दूरच्या ओढ्यांचे पाणी पाट खणून आपल्या खाणींवर नेले. त्यांतून एक नवा नियम रूढ झाला. जो पाणी प्रथम उचलील व कामास लावील, त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने उरल्यावर समाधान मानावे. दुष्काळात मागच्यास एक थेंबही मिळाला नाही, तरी पहिल्याचा वाटा पुरा झालाच पाहिजे. शिवाय हा हक्क विकताही येई. एखाद्या पैसेवाल्याने असे हक्क गोळा केले की शेजाऱ्याची जमीन न विकत घेताच तिचे मरण त्याच्या हाती येई.

हा धोका एका माणसाने फार पूर्वी ओळखला होता. त्याचे नाव जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात एक हात गमावलेल्या या शूर संशोधकाने कोलोराडो नदीचा प्रवास केला होता. १८७८ साली त्याने सरकारला अहवाल दिला की, पश्चिमेकडे पाण्यावाचून जमिनीस किंमत नाही. म्हणून पाण्याचा हक्क जमिनीशीच बांधून टाकावा, आणि एका ओढ्यावरील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन त्याची व्यवस्था आपसात ठरवावी. १८९३ मध्ये लॉस एंजेल्स येथे भरलेल्या पाटबंधाऱ्यांच्या परिषदेत त्याने स्पष्टच बजावले की, या जमिनीस पुरेल इतके पाणी येथे नाही. सभेने त्याची हुर्यो उडविली.

पॉवेलचे शब्द खरे ठरण्यास फार वर्षे लागली नाहीत. लॉस एंजेल्सच्या उत्तरेस दूर, हिमाच्छादित पर्वताच्या पायथ्याशी ओवेन्स नावाचे खोरे आहे. शहर वाढले, पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा १९०५ च्या सुमारास शहराच्या वतीने तेथील जमिनी व पाण्याचे हक्क गाजावाजा न करता विकत घेण्यास प्रारंभ झाला. विल्यम मुल्हॉलंड या अभियंत्याच्या देखरेखीखाली सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा पाट बांधण्यात आला आणि १९१३ च्या नोव्हेंबरात त्याचे पाणी शहराजवळ येऊन पोहोचले. शहर फोफावले. खोरे सुकू लागले. १९२४ च्या मे महिन्यात संतप्त शेतकऱ्यांनी त्या पाटाला सुरुंग लावला. नोव्हेंबरात त्यांनी त्याचे दरवाजेच ताब्यात घेतले आणि चार दिवस पाणी पुन्हा आपल्या नदीकडे सोडून दिले. आसपासच्या वस्तीतील बायकामुले तेथे भाकरीतुकडा घेऊन जमली होती. १९२७ मध्ये पुन्हा स्फोट झाले. अखेर शेतकरी हरले आणि खोऱ्यातील बहुतेक शेतजमीन शहराच्या मालकीची झाली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद करावयास हवी. 'जो प्रथम त्याचा हक्क पहिला' हाच जर नियम, तर त्या खोऱ्यातील पहिला हक्क पाययूट या आदिवासींचा होता. गोरे लोक येण्यापूर्वीच ते ओढ्यांवर बांध घालून पाट काढीत असत. १८६३ साली सैनिकांनी त्यांच्यातील शेकडो स्त्रीपुरुषांस पायी चालवीत खोऱ्याबाहेर नेले. ज्या शेतकऱ्यांचे पाणी पुढे शहराने नेले, त्यांच्या वाडवडिलांनी ते असेच दुसऱ्याकडून घेतले होते. आपल्या चित्रपटात या पहिल्या धन्यांचा कोठेही उल्लेख नाही. तो दोष त्या काळच्या जवळजवळ सगळ्याच घोडेस्वारी चित्रपटांचा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

चित्रपटात ओवेन्स खोऱ्याचे नाव घेतलेले नाही. परंतु १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्या प्रेक्षकाने तो पाहिला, त्याच्या मनात सुरुंगांचे ते आवाज ताजे असले पाहिजेत. मोनोग्रामच्या चित्रपटांचे पुष्कळसे चित्रीकरण लॉस एंजेल्सच्या उत्तरेस न्यूहॉल गावाजवळच्या डोंगरांत होत असे. तेथून जवळच, सॅन फ्रान्सिस्किटो दरीत, मुल्हॉलंडने शहरासाठी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटले. निदान चारशे माणसे त्या लोंढ्यात मृत्यू पावली. त्यांत खालच्या फळबागांत राबणारी गरीब मेक्सिकन कुटुंबे फार होती. सांता पॉला गावी दोन पोलीस शिपाई मोटारसायकलींवरून घरोघर दारे ठोठावीत फिरले, म्हणून कित्येकांचे प्राण वाचले. असल्या भूमीवर 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न विचारण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नव्हती.

सशांनी खाल्लेले शेत

खुद्द नायकाच्या घरीही हेच दुःख येऊन गेले होते. जॉन वेनचे मूळ नाव मॅरियन मॉरिसन. १९०७ साली आयोवा राज्यातील विंटरसेट या लहान गावी त्याचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. प्रकृतीस कोरडी हवा मानवेल आणि जमीनही हाताशी आहे, म्हणून १९१४ च्या सुमारास हे कुटुंब कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटाच्या कडेला, लँकेस्टर गावाजवळ शेती करण्यास गेले. पाण्याची सोय नाही, दिवाबत्ती नाही. पेरावे ते उन्हाने जळे, आणि जे तगे ते रानससे फस्त करीत. मुलगा घोड्यावर बसून लांबच्या शाळेत जाई. दोन-अडीच वर्षांत वडिलांनी हात टेकले आणि १९१६ मध्ये सारे बिऱ्हाड ग्लेंडेल शहरी हलविले. पाण्यावाचून शेत कसे मरते आणि त्याबरोबर बापाचा चेहरा कसा उतरतो, हे ज्याने नऊ वर्षांच्या वयात पाहिले, त्यालाच पुढे पडद्यावर कोरड्या खोऱ्याच्या मदतीस धावून जाण्याचे काम मिळाले. हा योगायोग कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

ज्या प्रेक्षकांपुढे हा चित्रपट गेला, त्यांची स्थितीही याहून बरी नव्हती. १९२९ च्या आर्थिक कोसळीने धान्याचे भाव पडले होते. बँका शेते जप्त करीत होत्या. आणि मध्य अमेरिकेच्या मैदानांत अवर्षण सुरू झाले होते. १९३४ च्या मे महिन्यात त्या सुकलेल्या शेतांची माती वाऱ्याने उडून थेट न्यूयॉर्क शहरापर्यंत गेली. चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेल्या त्या शेतकऱ्यास किंकेडची ओळख पटण्यास क्षणाचाही विलंब लागला नसेल.

विहिरीतला सुरुंग

चित्रपटाचा शेवट असा. खोऱ्यात डेंटन या म्हाताऱ्या शेतकऱ्याची एक विहीर आहे. डेंटनचे काम जॉर्ज हेज याने केले आहे. त्याची कन्या झाली आहे सेसिलिया पार्कर. विहिरीखालून भूमिगत प्रवाह वाहतो आहे, हे सँडीस ठाऊक असते. तो किंकेडचा विश्वास संपादन करतो आणि ही विहीर उडवून दिली म्हणजे शेतकरी शरण येतील, असे त्याच्या मनात भरवितो. लोभाने आंधळा झालेला किंकेड सुरुंग लावतो. स्फोट होतो आणि जमिनीच्या पोटातील पाणी उसळून बाहेर पडते. जे हिरावून घ्यावयाचे त्याचाच झरा त्याच्या हातून मोकळा होतो. 'दुसऱ्यासाठी खणावा खड्डा' या आपल्या म्हणीची येथे सहज आठवण होते.

गोष्ट म्हणून हा शेवट गोड आहे. परंतु ज्याने आयुष्यात कधी विहीर खणली आहे, तो मनातल्या मनात हसल्यावाचून राहणार नाही. सुरुंगाने पाणी लागते हे खरे; तसेच असलेले पाणी फटीतून निघून जाऊन विहीर कायमची कोरडी पडते, हेही खरे. ओवेन्स खोऱ्यात सुरुंग पुष्कळ उडाले. पाटाची डागडुजी झाली आणि पाणी पुन्हा शहराकडेच वाहू लागले. राजधानीहून येणारा गाणारा घोडेस्वारही त्यांच्याकडे कोणी आला नाही. गावावर संकट आले असता कोणी परका वीर यावा, त्याने एका दिवसात सारे निस्तरून द्यावे आणि आपण कुंपणावर बसून टाळ्या वाजवाव्यात, ही इच्छा मनुष्यस्वभावास धरून आहे. पण तिच्या भरवशावर शेत पिकत नाही.

याच सुमारास अमेरिकेच्या खेड्यांत घडलेली एक खरी हकीकत आम्हांस चित्रपटाच्या शेवटाहून अधिक मोलाची वाटते. बँकेने एखाद्या शेतकऱ्याची गुरे व अवजारे लिलावास काढली की आसपासचे सगळे शेतकरी तेथे जमत. बोली सुरू होई. कोणी घोड्यास काही सेंट म्हणे, कोणी नांगरास एक सेंट. बाकी सारे गप्प उभे राहत. त्याहून वरची बोली बोलण्याची कोणाची छाती होत नसे. अशा रीतीने चार-पाच डॉलरांत सारा लिलाव आटपे, आणि विकत घेतलेली प्रत्येक वस्तू शेजारी त्याच शेतकऱ्याच्या हवाली करून घरी परतत. आयोवा, नेब्रास्का आदी राज्यांत १९३१ ते १९३३ या काळात असे 'सेंटांचे लिलाव' पुष्कळ झाले. त्या मूक गर्दीत दहशतीचाही अंश होता, हे नाकारता येत नाही. राग अनावर झाला म्हणजे काय होते तेही आयोवातच दिसले. १९३३ च्या एप्रिलमध्ये ले मार्स गावी एका जमावाने न्यायाधीशास कचेरीतून ओढून नेले आणि त्याच्या गळ्यात दोर अडकविला. सुदैवाने त्याचा प्राण वाचला. पण शेतकऱ्यांची बाजू त्या एका दिवसाने डागाळली. एकजूट आणि झुंड यांच्यातील अंतर किती थोडे असते, आणि ते राखण्यास किती संयम लागतो, हे त्या दोन चित्रांवरून कळते. मनगटावर नेम धरणारा आमचा सँडी निदान या बाबतीत खऱ्या शहाणपणाच्या जवळ होता.

पुढे काय झाले

दरिद्री आळीत घाम गाळणाऱ्या त्या मंडळींचे पुढे बरे झाले. १९३९ साली जॉन फोर्ड या दिग्दर्शकाने 'स्टेजकोच' चित्रपटात वेनला घेतले आणि त्याचे दिवस पालटले. छायाचित्रकार आर्ची स्टाउट यास फोर्डच्याच 'द क्वाएट मॅन' या, आयर्लंडच्या एका कॅथलिक खेड्यातील कथेवरील चित्रपटासाठी ऑस्कर पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचाही नायक वेनच होता. म्हाताऱ्या डेंटनचे काम करणारा हेज पुढे 'गॅबी' या नावाने मुलांचा लाडका झाला. खुद्द वेनला १९७० साली ऑस्कर मिळाले. त्याचा पहिला विवाह १९३३ मध्येच, म्हणजे हा चित्रपट निघाला त्याच वर्षी, एका कॅथलिक युवतीशी झाला होता. तो संसार पुढे मोडला. परंतु मुले कॅथलिक श्रद्धेत वाढली, एक नातू धर्मगुरू झाला, आणि १९७९ साली मृत्युशय्येवर असता वेननेही कॅथलिक धर्माचा स्वीकार केला.

लोन स्टार मालिकेतील चित्रपट आज इंटरनेटवर सहज पाहावयास मिळतात. ज्या घरी मोबाईल आहे तेथे मुलांस घेऊन हा चित्रपट एकदा अवश्य पाहावा. इंग्रजी समजले नाही तरी अडत नाही. घोड्यांची भाषा सगळीकडे एकच. मुलांस त्याची दौड आवडेल आणि वडीलधाऱ्यांस त्यातील कोरडी जमीन ओळखीची वाटेल. पाहून झाल्यावर मात्र मुलांस एक प्रश्न जरूर विचारावा: सँडी आला नसता, तर त्या खोऱ्यातील माणसांनी काय करावयास हवे होते? उत्तर शोधताना बाहेर फार दूर पाहण्याचे कारण पडणार नाही. आपल्या ओढ्यावर वरचा कोण, खालचा कोण, कोणाच्या विहिरीस उन्हाळ्यात पाणी असते व कोणाच्या घरच्या बाया तेव्हा कोसभर चालतात, हे मुलांस माहीत असतेच. पाण्याचा वाटा आपसात ठरवून तो उन्हाळ्यातही पाळणारे गाव पॉवेलने आपल्या अहवालात कल्पिले होते. ते वसविण्यास घोडा लागत नाही, गिटार लागत नाही. शेजाऱ्याच्या दारी जाऊन बोलणे सुरू करावे लागते.